एका 'आणि'चा शोध

'माझे शेजारी आणि मित्र आले.' आता सांगा, माणूस एक आला की दोन? मराठीतल्या आदरार्थी बहुवचनामुळे कळायला मार्ग नाही. चहा किती कप टाकायचा ते दार उघडल्यावरच ठरणार!

बायबलच्या नव्या करारातही अशाच एका 'आणि'वरून मोठा वाद झाला. तीताला लिहिलेल्या पत्रात (२:१३) 'थोर देव आणि आपला तारणारा येशू ख्रिस्त' या अर्थाचे ग्रीक शब्द आहेत. हे दोघे, की येशूलाच देव म्हटलंय?

इथे ग्रॅनविल शार्प येतो. इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध, १७७२च्या सॉमरसेट खटल्यात, लढलेला तोच हा शार्प. कापडाच्या दुकानात उमेदवारी करताना, ख्रिस्ताचं देवपण न मानणाऱ्या एका सोबत्याशी वाद घालता यावा म्हणून तो ग्रीक शिकला! १७९८ साली त्याने नियम मांडला: व्यक्तीबद्दलची दोन एकवचनी सामान्यनामं, एकाच विभक्तीत, 'काइ' (म्हणजे आणि) या शब्दाने जोडलेली असतील, आणि इंग्रजी 'द'सारखं उपपद फक्त पहिल्याला असेल, तर व्यक्ती एकच.

हे पडताळायला कवी वर्ड्स्वर्थचा भाऊ ख्रिस्तोफर याने जुन्या ग्रीक धर्माचार्यांचे ग्रंथ पालथे घातले आणि १८०२ साली शार्पच्या बाजूने कौल दिला.

आज हे काम सॉफ्टवेअर करतं. १९७६ साली ग्रॅमकॉर्ड प्रकल्प सुरू झाला, १९९४ साली अ‍ॅकॉर्डन्स आलं. नव्या करारातल्या सुमारे १,३८,००० शब्दांपैकी प्रत्येकाला विभक्ती, लिंग, वचन यांची चिठ्ठी लावलेली असते. 'उपपद, नाम, काइ, उपपदाविना नाम' असा साचा दिला की सगळ्या जागा क्षणात समोर.

मग वाद मिटला? छे! यंत्र चिठ्ठ्या शोधतं, आणि चिठ्ठ्या लावतो माणूस. 'थेऑस' (देव) हे सामान्यनाम धरायचं की विशेषनाम? विशेषनाम धरलंत, तर शार्पचा नियम इथे लागूच होत नाही. एकोणिसाव्या शतकातला जर्मन व्याकरणकार विनर तर मोकळेपणाने म्हणाला की व्याकरणाने एकच व्यक्ती म्हणता येईल, पण पौलाची शिकवण पाहता मला ते पटत नाही.

मला हा विनर प्रामाणिक वाटतो. आपला कौल कुठून आला हे त्याने लपवलं नाही. सॉफ्टवेअरच्या चिठ्ठीवर मात्र ती लावणाऱ्याची कारणं लिहिलेली नसतात. म्हणून यादी हाती आली तरी एकेक ओवी उघडून वाचणं काही सुटत नाही.