गोवरीचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते आम्हांला रसायनशास्त्र शिकवीत. एके दिवशी त्यांनी वर्गात तराजू, लोखंडी घमेले आणि एक वाळलेली गोवरी आणविली. गोवरी तोलली, अंगणात जाळली आणि निवल्यावर राख तोलली. राख जेमतेम पाव हिस्सा भरली. "बाकीचे वजन कोठे गेले?" गुरुजींनी विचारले. "जळून गेले, गुरुजी," आम्ही म्हणालो. "जळाले ते मीही पाहिले. गेले कोठे, ते सांगा."

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्याचे एक महत्त्वाचे पान आपल्या इंदूरमध्येच लिहिले गेले, हे मला फार उशिरा कळले. आज त्याविषयीच बोलणार आहे.

जळणारा पदार्थ नाहीसा होत नाही, तो प्राणवायूशी संयोग पावतो, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिएने तराजूच्या आधारे दाखविले. १७८३ साली त्याने आणि लाप्लासने ज्वलनाची उष्णताही मोजली. बर्फाने वेढलेल्या भांड्यात कोळसा जाळायचा आणि वितळलेले पाणी तोलायचे, अशी ती साधी रीत होती. पुढे १८४० मध्ये हेसने नियम मांडला, की क्रियेची एकूण उष्णता तिच्या आरंभावर आणि अंतावर ठरते, मधल्या वाटेवर नाही. आज आपण म्हणतो, १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम प्राणवायूशी संयोग पावून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो आणि सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते.

हा हिशेब गुरुजींच्या गोवरीला लावून पाहू. एक किलो गोवरीत सुमारे ३५० ग्रॅम कार्बन धरला, तर तो जळण्यास सुमारे ९३३ ग्रॅम प्राणवायू लागतो आणि १,२८३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो. म्हणजे बाहेर पडणारा वायू मूळ गोवरीहून जड असतो. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. या कार्बनची उष्णता सुमारे ११,५०० किलोज्यूल होते. परंतु उघड्या चुलीत तिचा साधारण दहावा हिस्साच भांड्याला लागतो. तेवढ्यात साडेतीन लिटरांच्या आसपास पाणी उकळीला येते. उरलेली उष्णता भिंती तापविते आणि हवेत विरते. शिवाय गोवरीतील पंधरा-एक ग्रॅम नायट्रोजन, जो शेतात पिकाच्या कामी आला असता, तो बहुतेक सगळा धुराबरोबर जातो. त्याची उष्णता स्वयंपाकाला मिळत नाही आणि शेत मात्र त्याला मुकते.

हीच हानी इंदूरमधील दोन संशोधकांच्या चिंतनाचा विषय होती. १९२४ साली इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था सुरू झाली. कापसावरील संशोधन हे तिचे मुख्य काम आणि अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक. संस्थेतील रसायनज्ञ यशवंत वाड यांच्या सहकार्याने त्यांनी कंपोस्टची जी पद्धत सिद्ध केली, ती 'इंदूर पद्धत' या नावाने जगभर गेली. १९३१ मध्ये दोघांच्या नावे तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कपाशीची टणक धसकटे रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यावयाची, मग पालापाचोळा, थोडे शेण, गोठ्यातील मुताची माती आणि लाकडाची राख यांसह खड्ड्यात रचावयाची, तीन वेळा परतावयाची, की सुमारे नव्वद दिवसांत खत तयार. १९३५ साली इंदूरला आले असता गांधीजींनीही ही पद्धत पाहिली.

या खड्ड्यात पहिल्या काही दिवसांत हात घालवत नाही इतकी उष्णता वाढते. तीही कार्बन आणि प्राणवायू यांच्या संयोगाचीच उष्णता आहे. क्रिया मात्र ज्वाळेविना, जिवाणूंच्या द्वारे, सावकाश होते. हेसचा नियम येथेही लागू पडतो. शेण येथे विरजणासारखे थोडकेच लागते. म्हणून चुलीसाठी काही शेण राखणाऱ्या घरालाही खड्डा भरता येई.

पुढचे पाऊल गोबरगॅसचे. एक किलो गोवरीला लागणारे सुमारे पाच किलो ओले शेण संयंत्रात घातले, तर अंदाजे २०० लिटर गॅस मिळतो आणि त्यात ८० ग्रॅमच्या आसपास मिथेन असतो. तो ३२० ग्रॅम प्राणवायूसह जळून २२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १८० ग्रॅम पाणी होते. दोन्ही बाजूंची बेरीज ४०० ग्रॅम. उष्णता मिळते सुमारे ४,४५० किलोज्यूल, म्हणजे गोवरीच्या निम्मीही नाही. परंतु गॅसच्या शेगडीवर तिच्यापैकी साधारण अर्धी भांड्याला लागते. त्यामुळे स्वयंपाकाला गोवरीच्या जवळजवळ दुप्पट उष्णता मिळते आणि नायट्रोजन रबडीत राहून शेतात जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंदूरला दररोज ५५० टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचे गॅस संयंत्र सुरू झाले. त्यातून दिवसाला १७ टन गॅस आणि १०० टन खत मिळावे, अशी योजना होती. जळण आणि खत वेगळे करण्याचा हा विचार या शहराला नवा नव्हता.

आता थोडे माझ्या घरचे. माझ्या आईने आयुष्यभर गोवऱ्या थापल्या आणि त्यांच्या धुराने तिचे डोळे लाल होत. हा हिशेब शिकून आलो, तेव्हा मी तिला मोठ्या ऐटीत म्हणालो, "आई, तू शेताचे सोने जाळतेस." ती म्हणाली, "मग चुलीत काय घालू, ते सांग." माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे आकडे बरोबर होते, परंतु माझ्या ताळेबंदात आईची चूल धरलेलीच नव्हती. वाड आणि हॉवर्ड यांच्या कामाचे मोल मला तेथे उमगले. शेतकऱ्याच्या हाती जे होते, त्यातूनच त्यांनी वाट काढली.

येथील विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो : समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळवा आणि ज्यांच्या घरचा तो हिशेब आहे, त्यांनाही विचारा.