झुबकेदार शेपटीची खुरासानी पाहुणी

इब्रामपूरसारख्या गावात मांजर म्हणजे भाताच्या कणगीचे राखणदार. ते कोणी विकत आणीत नसे. शेजारच्या वेतातले एखादे पिल्लू चुलीपाशी येऊन निजे आणि घरचे होई. म्हणूनच लांब केसांची, झुबकेदार शेपटीची ‘पर्शियन’ मांजरे आपल्या भागात दिसू लागली, तेव्हा ‘हे शहरातले नवे खूळ’ असा शेरा वडीलधाऱ्यांनी मारला. खूळ असेलही; नवे मात्र नव्हे.

पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२०च्या सुमारास इराणात होता. तेथून धाडलेल्या पत्रात त्याने खुरासानी मांजरांचे वर्णन केले आहे. राखी-निळसर रंग, रेशमासारखे केस, आणि सर्वांत देखणी ती शेपटी. खारीसारखी पाठीवर उलटी टाकलेली. अशा चार जोड्या स्वदेशी नेण्याचा त्याचा मनोदय होता. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वाक्य पुढेच आहे : पोर्तुगीजांनी ही मांजरे इराणातून हिंदुस्थानात नेली, असे तो नमूद करतो.

आता पोर्तुगीजांचा इराणकडील नाका होर्मुझ. ते १५१५ ते १६२२ त्यांच्या ताब्यात होते आणि तेथून घोड्यांची गलबते गोव्यास येत. घोड्यांबरोबर मांजरेही याच वाटेने उतरली असावीत, हे माझे अनुमान. घोड्यावर जकात होती, म्हणून घोड्याचा इतिहास कागदावर आला. मांजरावर कोण जकात बसवणार? देल्ला वाल्ले स्वतः १६२३ साली गोव्यास आला, तोही वाटेत निवर्तलेल्या पत्नीचे शव पेटीत घालून. ते त्याने थेट रोमपर्यंत नेले. असो.

पेडणे त्या काळी आदिलशाहीत होते; पुढे सावंतवाडीकरांकडे आणि १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. तेव्हा ही पाहुणी गोवा शहरातील वाड्यांतच राहिली असणार.

‘पर्शियन’ या नावाबद्दलही वाद आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्यास रेसिडेंट असताना, १८१५ साली, त्याचा काबूलवरील ग्रंथ निघाला. त्यात तो म्हणतो, ही ‘बुराक’ मांजरे काबूलकडून मोठ्या संख्येने बाहेर जातात; लोक त्यांना पर्शियन म्हणतात, पण इराणातून ती फारशी येतच नाहीत. दोघांचा मेळ बसतो. हेरात हा जुन्या खुरासानचाच भाग, आणि तो आज अफगाणिस्तानात आहे.

मग मधल्या काळात ती शेपटी गेली कुठे? लांब केसांचा गुण आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. गावच्या बोक्याशी संबंध आला की पहिल्या पिढीतच तो लपतो.

आमच्या घरी सूनबाईंनी अशी एक मांजरी आणली आहे. तिला कोणी मराठीतून हाक मारतो, कोणी कोकणीतून. ती दोन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करते. पावसाळ्यात केसांच्या गाठी होतात, रोज कंगवा फिरवावा लागतो, आणि उंदीर समोरून गेला तरी बाईसाहेब उठत नाहीत. तिला तीन पिल्ले झाली. बाप गावचाच, तिन्ही आखूड केसांची. एक पिल्लू पाहुण्यांनी सीमेपलीकडे दोडामार्गला नेले. ते तिथे मन लावून उंदीर मारते. लांब केसांचे बीज त्याच्या अंगात आहे, हे त्या घरी कोणाच्या गावीही नाही.