सहदेव-भाडळी

मराठवाड्यासह महाराष्ट्रात प्रचलित असलेली पर्जन्यविषयक लोककथा व तिच्याशी जोडलेली वचने. सहदेव जोशी, तर भाडळी काही कथांत त्याची मुलगी, काहींत बहीण वा पत्नी. आभाळ, वारा व प्राण्यांच्या हालचालींवरून भाडळी पावसाचे भाकीत करते. गुजरात-राजस्थानात भडली, उत्तर भारतात घाघ-भड्डरी ही या परंपरेची भावंडे.

जालना जिल्ह्यातील वडीगोद्रीसारख्या (ता. अंबड) गोदाखोऱ्यातील गावांत कोरडवाहू शेतीची पेरणी पावसावर अवलंबून असल्याने असे ज्ञान मोलाचे. पावसाळ्याचे गणित सूर्यनक्षत्रांवर, म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्यावर, चालते. प्रत्येक नक्षत्र सुमारे 13-14 दिवसांचे, मृग साधारण 7-8 जूनला लागतो. अंडी हलवणाऱ्या मुंग्या पावसाची, तर झाडाच्या शेंड्यावरचे कावळ्याचे घरटे अवर्षणाची खूण मानतात. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी अशा निसर्गसंकेतांविषयी लिहिले आहे. ही भाकिते हवामानशास्त्राला पर्याय नाहीत. पण पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण त्यांत साठले आहे, म्हणून त्यांची नोंद व पडताळणी व्हायला हवी.