मातीचीं घरें आणि कचारगड

मोडकळीस आलेलीं जुनीं घरें उचलून संग्रहालयांत उभीं करावीं, ही कल्पना युरोपांत रूढ झाली. आर्टुर हाझेलियस ह्यांनीं १८९१ सालीं स्टॉकहोम येथें स्कान्सेन हें उघड्यावरील संग्रहालय स्थापिलें. गांवोगांवचीं घरें तेथें आणलीं गेलीं, आणि अंगणांत लोकनृत्यें होऊं लागलीं. आपल्याकडे १९७७ सालीं स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयानें पुढें भोपाळच्या श्यामला टेकडीवर आदिवासी घरें उभीं केलीं. विशेष हा, कीं तीं त्या त्या जमातींच्या लोकांनीं स्वहस्तें बांधलीं.

अशा घरांतून हिंडतांना आम्हांस मात्र एक प्रश्न सतावतो. मातीचें घर एकदां बांधून संपत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं तें शाकारावें लागतें, सणापूर्वीं सारवावें लागतें. आई सारवते आणि मुलगी पाहून शिकते. हें शिकणें संग्रहालयांत कसें ठेवावें?

उत्तराकरितां आपल्याच गोंदिया जिल्ह्याकडे वळावें. तेथील सालेकसा तालुक्यांत, छत्तीसगडच्या सीमेनजीक, कचारगडची विशाल गुहा आहे. गोंडांचे पूर्वज गुहेंत कोंडले गेले होते व लिंगोनें त्यांना मुक्त केलें, अशी कथा त्यांचे परधान गात आले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं ती उतरवून घेतली. १८६३ सालीं ते बुडून वारल्यावर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८६६ सालीं ती प्रसिद्ध केली. कथेंतील काचीकोपा लोहागड तो हाच, असें गोंड समाज मानतो. माघी पौर्णिमेस मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथून हजारों गोंड येथें येतात. आपल्या दैवतांपुढें ते गातात, नाचतात. त्यांस रंगमंच लागत नाहीं.

संग्रहालयें निरुपयोगी आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. शहरांत वाढलेल्या मुलास गोंडाच्या घराची ओळख बहुधा तेथेंच प्रथम होते, हा उपकार लहान नव्हे. पण ज्या गोंडी भाषेंत ही कथा नांदली, तिचे भाषक २०११ च्या जनगणनेंत सुमारें तीस लाख भरले असूनहि संविधानाच्या आठव्या अनुसूचींत तिला स्थान मिळालेलें नाहीं. भिंती जपाव्या आणि त्या भिंतींआडची भाषा उपेक्षावी, हा न्याय उफराटा आहे. म्हणून भोपाळ पाहून आलेल्या वाचकांनीं एकदां मुलाबाळांसह कचारगडासहि जावें. पाहुण्यानें वागावें तसें तेथें वागावें, आणि कानीं पडणाऱ्या गोंडी शब्दांचा अर्थ शेजारीं बसलेल्यास विचारावा.