अवतारचित्र

अवतारचित्र : संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एखाद्या व्यक्तीच्या नावाशेजारी तिची ओळख म्हणून दिसणारे लहान, बहुधा चौरस वा वर्तुळाकार चित्र. मूळ छायाचित्र कातरून, त्याचा आकार कमी करून आणि त्यावर रंगछटा, पोत, चौकट व अक्षरे चढवून ते छायाचित्र-संस्करण प्रणालीच्या साहाय्याने सजविले जाते. मराठी बोलण्यात त्याला ‘डीपी’ हे आद्याक्षरी इंग्रजी नाव रुळले आहे.

‘अवतार’ हा संस्कृत शब्द ह्या अर्थाने प्रथम अमेरिकेत रूढ झाला. ल्यूकसफिल्म गेम्स ह्या संस्थेच्या हॅबिटॅट ह्या १९८६ मधील संगणकीय खेळात खेळाडूच्या पडद्यावरील प्रतिरूपाला हे नाव देण्यात आले. नील स्टीव्हन्सन यांच्या स्नो क्रॅश (१९९२) ह्या कादंबरीने त्याचा प्रसार केला. वऱ्हाडात मात्र ह्या शब्दाला निराळेच वजन आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ क्षेत्र होय. तेथे वास्तव्य केलेल्या गोविंदप्रभूंना पंथीय पंचकृष्णांपैकी एक अवतार मानतात. परंतु हा पंथ मूर्तिपूजा मानीत नाही. अवतारांच्या सहवासाने पावन झालेली स्थाने व वस्तू तेथे वंदनीय. तेव्हा अवताराला लहान, सुबक चित्रात बसविण्याची प्रथा महाराष्ट्रात इतरत्र शोधावी लागते.

तिचे सर्वांत रेखीव उदाहरण सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत आढळते. ह्या खेळात दहा अवतारांचे दहा संच व एकूण १२० गोल पत्ते असतात. राजा व प्रधान ह्यांच्या पत्त्यांवर आकृती रंगवितात. उरलेल्या दहा पत्त्यांवर केवळ त्या अवताराचे चिन्ह, उदा., मत्स्याचा मासा किंवा परशुरामाचा परशू, जितकी पत्त्याची किंमत तितक्या वेळा काढतात. संपूर्ण व्यक्तिमत्त्वाचे काम एका खुणेवर भागविण्याची ही रीत आजच्या पडद्यावरील चित्राची खरी पूर्वज म्हणता येईल. देवघरातील टाकांतही हेच तत्त्व दिसते. पत्र्यावर ठोकून उठविलेला पूर्वजाचा टाक त्या माणसाचा चेहरा दाखवीत नाही; ठरावीक साच्यातील आकृती उठविली, की घरच्यांना ओळख पटते.

हुबेहूब चेहऱ्याची लहान प्रतिमा सर्वसामान्यांना मिळाली ती छायाचित्रणामुळे. पॅरिसमधील आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ मध्ये भेटपत्राएवढ्या छायाचित्राचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेतल्याने खर्च उतरला. त्याच वर्षी मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली. १८६७ मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग पूर्ण होऊन वऱ्हाडातील कापसाच्या पेठा मुंबईशी जोडल्या गेल्या, आणि पुढे अमरावती, अकोला यांसारख्या गावांत छायाचित्रकारांचे स्टुडिओ उभे राहिले. ह्या स्टुडिओंतील ‘रिटचिंग’ करणारा कारागीर हा आजच्या संस्करणकाराचा गुरू मानावयास हरकत नाही. उलट प्रकाश देणाऱ्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून अणकुचीदार शिसपेन्सिलीने तो चेहऱ्यावरील डाग व सुरकुत्या नाहीशा करी. कृष्णधवल छापावर गालांची लाली, लुगड्याचा काठ व दागिन्यांचे सोने पातळ रंगांनी भरी. माणूस आहे तसा नव्हे, तर त्याला दिसावेसे वाटते तसा दाखविणे, हा हेतू तेव्हाही हाच होता.

हे काम पडद्यावर आणणारी फोटोशॉप ही प्रणाली टॉमस व जॉन नोल ह्या बंधूंनी रचली. ती १९९० मध्ये विक्रीस आली व १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तीत थरांची सोय झाली. विनामूल्य मिळणारी गिंप ही प्रणाली १९९६ ची. सजविलेल्या अवतारचित्रांची खरी लाट २००० नंतरच्या दशकातली. लाइव्हजर्नल ह्या संकेतस्थळाने १०० × १०० चित्रबिंदूंची व ४० किलोबाइटांची मर्यादा घातली होती, आणि ह्या अडचणीतूनच एक कसब निर्माण झाले. दहा हजार बिंदूंत चेहरा मावत नाही. म्हणून डोळे व ओठ एवढाच भाग कातरायचा, लहान केल्याने बोथटलेल्या कडांना पुन्हा धार द्यायची, वर निळसर वा पिवळसर रंगाचा थर चढवून खालच्या थराशी त्याचे मिश्रण करायचे आणि शेवटी एका बिंदूच्या जाडीची चौकट ओढायची. हलते चित्र करावयाचे झाल्यास २५६ रंगांची मर्यादा असलेला ‘गिफ’ (१९८७) हा प्रकार वापरीत.

मराठी माणसाची खरी अडचण अक्षरांची होती. रोमन अक्षर पाच-सात बिंदूंच्या उंचीत वाचता येते. देवनागरीला शिरोरेषा, वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार ह्यांसाठी वेगळे थर लागतात, म्हणून साधारण दुप्पट उंची द्यावी लागे. त्यातही जुन्या फोटोशॉपला युनिकोड देवनागरीची जुळणी साधत नसे. ‘अमरावती’ व ‘अकोला’ ही नावे निभावून जात, कारण त्यांत जोडाक्षर नाही व ऱ्हस्व इकारही नाही. ‘विदर्भ’ मात्र मोडे. त्याची वेलांटी व्यंजनाच्या मागे पडे व रफार सुटा होई. ‘वऱ्हाड’ ह्या शब्दातील ऱ्हाची गत याहून वाईट. प्रदेशाचे नावच प्रदेशातील माणसाला आपल्या चित्रावर लिहिता येऊ नये, ही स्थिती नंतरच्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांची जुळणी आल्यावर पालटली. तोवर श्रीलिपीसारख्या प्रणालींतील, रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी आकार बसविलेले टंक हाच उपाय होता.

हे टंक लग्नपत्रिका व फलक छापणाऱ्यांकडे आधीच होते, त्यामुळे अवतारचित्रांचे काम ओघानेच त्यांच्याकडे गेले. वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुकांचे गोल चौकटीतील चेहरे ओळीने मांडण्याची जी रीत महाराष्ट्रभर पसरली, तीत पडद्यावरचे चित्र रस्त्यावर उतरले. विनापरवाना फलकांविरुद्धच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी निर्णय दिला. तरी चेहऱ्यांची हौस सरली नाही. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये चित्रमुद्रा आणल्यावर ‘काहून’, ‘भैताड’ असे वऱ्हाडी शब्द मिरविणारी चित्रेही घरोघरी तयार होऊ लागली.

दुसऱ्याचा चेहरा आपल्या नावाशेजारी लावणे हेही तितकेच सोपे झाले. परिचिताचे चित्र लावून पैसे मागणारे भामटे ह्याचाच लाभ घेतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-डी नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्या पहिल्या दशकातील चित्रांपैकी फारच थोडी उरली आहेत. भारतात अतिशय लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. थरयुक्त मूळ फाइली ज्यांनी जपल्या, त्यांच्याजवळ जुना टंक नसेल, तर अक्षरांचा थर दुरुस्तीसाठी उघडताच ‘वऱ्हाड’ लिहिले होते त्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक ओळ उमटते.