न उमटणारी कळ

मराठीत 'कळ' हा शब्द मोठा सोयीचा आहे. यंत्राची कळ, पोटातली कळ, भांडणाची कळ, आणि एखाद्या गोष्टीतली मेख या अर्थानेही कळच. टंकलेखनयंत्र आले तेव्हा त्याच्या बटणांना हाच शब्द मिळाला आणि संगणकाच्या कीबोर्डास 'कळफलक' म्हणण्याची रीत पडली. टंकलेखनयंत्राच्या बहुतेक कळा कागदावर काहीतरी उमटवीत. न उमटणाऱ्या कळा थोड्या: शिफ्ट, टॅब, मागे सरकवणारी, आणि जागा सोडणारी लांब पट्टी. आजच्या कळफलकावर या न उमटणाऱ्यांची वस्ती बरीच वाढली आहे. आवाज वाढवणारी, कमी करणारी, बंद करणारी, गाणे थांबवणारी, मागचे-पुढचे लावणारी अशा त्यांतल्या एका कुळाचा इतिहास येथे मांडायचा आहे. निमित्त मात्र सांडोरचे आहे.

वसईच्या पट्ट्यात मराठीच्या बोली दाटीवाटीने नांदतात. सामवेदी किंवा कादोडी, वाडवळी, कोळी. एका पाखाडीतून दुसरीत गेले की क्रियापदाचे शेपूट बदलते. सांडोरला आमच्या नात्यातल्या एका मावशींनी लग्नातली गाणी आणि जुन्या आठवणी सांगितल्या, त्यांचे ध्वनिमुद्रण माझ्यापाशी आहे. ते कागदावर उतरवायला घेतले आणि ध्यानात आले की लेखनाचा वेग मावशींच्या हाती नाही, माझ्याही नाही, तो कळफलकाच्या हाती आहे. चार शब्द ऐकायचे, थांबवायचे, लिहायचे, शंका आली की पाच सेकंद मागे जायचे. दर वेळी माउस धरून खिडकी बदलावी लागली तर तासाभराच्या मुद्रणास आठवडा लागतो. माझा संगणक जुना, म्हणून त्यावर लिनक्स आणि 'ओपनबॉक्स' नावाचा अगदी सडा खिडकी-व्यवस्थापक आहे. ओपनबॉक्स २००२ साली 'ब्लॅकबॉक्स'पासून फुटून निघाला. खिडक्या मांडणे एवढेच तो आपले काम समजतो. गनोमसारख्या भरल्या घरात आवाजाची कळ दाबताच आवाज वाढतो. येथे दाबली तर काहीच होत नाही. कळ बिघडलेली नव्हती. ती बोलत होती आणि ऐकणारे कोणी नव्हते.

ती काय बोलते, हे पाहू गेल्यास चाळीस वर्षे मागे जावे लागते. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीला ८३ कळा होत्या. प्रत्येक कळ अक्षर पाठवीत नाही, एक क्रमांक पाठवते. त्याचे अक्षर पुढे संगणक करतो. १९८५ च्या सुमारास १०१ कळांचा फलक आला आणि त्यात बाणांच्या कळा दुसऱ्यांदा आल्या. जुन्या प्रणालींची गाडी अडू नये म्हणून नव्या बाणांना जुन्यांचेच क्रमांक देण्यात आले, फक्त आधी 'ई०' हा उपसर्ग लावून. उपसर्ग कळला नाही तरी काम भागे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस कळफलक बनवणाऱ्यांनी आवाजाच्या आणि गाण्याच्या कळा बसवायला सुरुवात केली तेव्हा त्याही याच उपसर्गाच्या आश्रयाला गेल्या. त्या जुन्या पद्धतीत आवाज वाढवणाऱ्या कळेचा क्रमांक ई०-३०. उपसर्ग काढला तर उरते ती इंग्रजी 'बी'ची कळ. आवाज कमी करणारी 'सी'च्या मागे उभी आहे, गप्प करणारी 'डी'च्या मागे. प्रारंभी ज्याने त्याने आपापले क्रमांक वापरले आणि सोबत आपापली तबकडी दिली. विंडोज २००० ने या कळांना स्वतःहून ओळख दिली तेव्हा गोंधळ पुष्कळ कमी झाला. यूएसबीच्या मानकात तर त्यांची नोंद बहुधा कळफलकाच्या पानावर होतच नाही. ती होते 'ग्राहकोपयोगी उपकरणां'च्या पानावर, जेथे दूरचित्रवाणीच्या रिमोटची बटणे आहेत. म्हणजे शेजारच्या कळेशी तिचा संबंध केवळ भाडेकरूचा.

लिनक्सच्या गाभ्यात या साऱ्या क्रमांकांना एकच नाव मिळते: गप्प ११३, कमी ११४, जास्त ११५. त्यावर चित्रमय पडदा सांभाळणारी 'एक्स' ही प्रणाली आठ मिळवते (तिच्या नियमात आठाखालचे क्रमांक वर्ज्य आहेत) आणि ते १२१, १२२, १२३ होतात. शेवटी या क्रमांकास एक नाव जोडले जाते. आवाज वाढवणाऱ्या कळेचे नाव 'एक्सएफ८६ऑडिओरेजव्हॉल्यूम'. कळा तपासायची 'झेव' ही छोटी आज्ञावली चालवून कळ दाबली की हे लांबलचक नाव पडद्यावर उमटते. न उमटणारी कळ येथे तरी उमटते म्हणायची.

हे 'एक्सएफ८६' काय आहे? एक्सचा जन्म १९८४ साली एमआयटीत झाला, पण तो महागड्या वर्कस्टेशनांसाठी. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरावरील साध्या पीसीसाठी थॉमस रोल यांनी 'एक्स३८६' लिहिले. ते पुढे व्यापारी झाले. तेव्हा काही स्वयंसेवकांनी १९९२ मध्ये मुक्त आवृत्ती काढली आणि इंग्रजी 'थ्री'च्या जागी 'फ्री' बसवून तिचे नाव एक्सफ्री८६ ठेवले. कोटी साधीच, परंतु पुढची दहा-बारा वर्षे मुक्त संगणकांचा पडदा या कोटीवर उभा होता. या कळांची नावे ठरली ती याच घरात. मग भाऊबंदकी आली. २००३ मध्ये कीथ पॅकार्ड यांना मुख्य मंडळातून काढण्यात आले. फेब्रुवारी २००४ मधील ४.४ या आवृत्तीत परवान्याला श्रेयनिर्देशाची नवी अट जोडली गेली, ती अनेक लिनक्स वितरकांना मान्य झाली नाही. त्याच वर्षी एक्स.ऑर्ग प्रतिष्ठान उभे राहिले, अटीआधीची संहिता घेऊन एप्रिलमध्ये त्यांनी आपली आवृत्ती काढली, आणि लोक तिकडे गेले. एक्सफ्री८६ ची अखेरची आवृत्ती २००८ च्या डिसेंबरातली. घर मोडले, पण कळांवरचे आडनाव कोणी बदलले नाही. एक्सला बाजूला सारू पाहणाऱ्या वेलँडमध्येही कळ त्याच नावाने हाक मारते. वसईत पोर्तुगीज राज्य १७३९ मध्ये गेले आणि आडनावे राहिली. आम्हांस याचे नवल वाटू नये.

प्रत्यक्ष जोडणी इतकी किरकोळ आहे की ती सांगताना संकोच वाटतो. ओपनबॉक्सच्या मांडणीच्या फायलीत कळेचे नाव लिहायचे आणि तिच्यापुढे आज्ञा: आवाजासाठी 'एमिक्सर', थांबवण्या-चालवण्यासाठी आणि मागे जाण्यासाठी 'प्लेअरसीटीएल'. 'मागचे गाणे' या कळेला मी 'पाच सेकंद मागे' हे काम दिले. कळेवर छापलेले चित्र आणि कळेचे कर्तव्य यांचा संबंध आपण ठरवायचा असतो, हे त्या सड्या घरात राहिल्यावरच कळते.

पण साध्या अक्षरांच्या जोडकळा का नकोत, कंट्रोल आणि पी पुरे नव्हते काय? येथे मराठी लिहिणाऱ्याची खरी अडचण आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण मानलेला 'इनस्क्रिप्ट' आराखडा मी वापरतो: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. 'ळ' आणि 'र्‍य'साठी लागणारा 'ऱ' दोन्ही शिफ्टखाली सापडतात. मुंबई-पुण्यातल्या कचेऱ्यांतून रेमिंग्टनच्या सवयीने बोटे चालवणाऱ्यांना तो परका वाटला, तरी वर्णमालेचा विचार करून रचलेला हा आराखडा मला नेहमीच अधिक शहाणा वाटत आला आहे. मात्र इनस्क्रिप्ट चालू असताना 'पी'ची कळ 'पी' राहात नाही, ती 'ज' होते. आणि कंट्रोलसह 'ज' म्हणजे काय, हे पुष्कळशा आज्ञावल्यांना ठाऊक नसते. मराठीत लिहिताना जोडकळा मुक्या होतात त्या अशा. आवाजाच्या आणि गाण्याच्या कळा तेवढ्या कोणत्याच लिपीच्या नाहीत. रोमी असो वा देवनागरी, आराखडा बदलला तरी त्यांचे नाव तेच राहते. लेखनासाठी न बनवलेली कळ देवनागरी लेखनाच्या कामी आली ती यामुळे.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ सालचा. त्यात कोकणपट्टीच्या बोलींत वाडवळ आणि सामवेदी यांची स्वतंत्र नोंद आहे. सर्वेक्षणाचा ठरीव नमुना उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचा. गावोगावच्या लोकांकडून एकच गोष्ट आपापल्या बोलीत लिहवून घेण्यात आली. सांडोरच्या देवळात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट भाषाशास्त्राचे माप म्हणून वाचताना गंमत वाटते. पण ती बोली लेखी आहे. सांगणारा कोठे थांबला, कोणता स्वर त्याने लांबवला, हे लिहून घेणाऱ्याच्या कानावर आणि लिपीवर अवलंबून राहिले. पुढे १९१३ ते १९२९ च्या दरम्यान सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनच्या तबकड्याही मुद्रित झाल्या. तबकडी पाच सेकंद मागे नेणे म्हणजे सुई उचलून अंदाजाने ठेवणे. पाश्चात्त्य कचेऱ्यांत डिक्टाफोनवर बसणाऱ्या टंकलेखिकांना पुढे पायाने दाबायची पट्टी मिळाली, कारण त्यांचे दोन्ही हात कळांवर गुंतलेले असत. आज कळफलकाच्या वरच्या ओळीतल्या कळा तेच काम करतात.

मावशींच्या मुद्रणात एकोणिसाव्या मिनिटाला एक शब्द आहे. मागे रस्त्यावरून वाहन गेले आहे आणि शब्दाचा आरंभ त्यात बुडाला आहे. आवाज वाढवून, पाच-पाच सेकंद मागे जाऊन मी तो बरेचदा ऐकला आणि कच्च्या प्रतीत एक शब्द लिहून टाकला. गेल्या खेपेस मावशींनाच यंत्रापुढे बसवले. कोणती कळ दाबायची ते एकदा विचारून त्यांनी ती स्वतः दाबली, आपलाच आवाज दोनदा ऐकला, आणि म्हणाल्या, "हे मी म्हटलेलंच नाही. तू काय लिहिलंयस ते खोड आधी." मग त्यांनी खरा शब्द सांगितला. तो मला ठाऊक नव्हता, त्याचा अर्थही नव्हता. विहिरीच्या रहाटाच्या एका भागाचे ते नाव निघाले. ओळ खोडून पुन्हा लिहिली. मुद्रणाची बावीस मिनिटे अजून उतरवायची आहेत.