आडनाव विचारणाऱ्या एजंटला आपण काय विचारायचे?

घर घेताना एजंटला काय विचारावे, याच्या याद्या दसरा-पाडव्याला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत छापून येतात. कार्पेट एरिया किती, पाणी किती वेळ येते, पार्किंग मिळेल का. या याद्या करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की प्रश्न ग्राहक विचारतो आणि उत्तर एजंट देतो. आपला अनुभव उलटा आहे. पहिला प्रश्न एजंटच टाकतो, "आडनाव काय?" त्यावरून अंदाज आला नाही तर "मूळ गाव कुठले?" आणि तरीही कळले नाही तर "नॉनव्हेज खाता का?" घराची चौकशी करायला गेलेल्या माणसाचीच चौकशी होते. या चौकशीला मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय आपण नेमके काय विचारायचे हे ठरत नाही.

1917 मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हाची पारशी सराईची हकीकत आपल्याला पाठ आहे. पण ती सांगताना आपण लाठ्या घेऊन आलेल्या जमावाबद्दल बोलतो, रखवालदाराबद्दल फारसे बोलत नाही. समोरचा माणूस पारशी नाही हे त्या रखवालदाराला ठाऊक होते. सराई रिकामी पडलेली होती आणि रोजचे दीड रुपये त्याला हवे होते. म्हणून वहीत पारशी नाव लिहायचे, असा तोडगा निघाला. अकराव्या दिवशी जमाव दारात उभा राहिला तेव्हा तो तोडगा काहीच कामाला आला नाही. पैसे रखवालदाराला मिळाले होते आणि जोखीम सगळी बाबासाहेबांच्या अंगावर आली. आज "सोसायटीत काही बोलू नका, मी बघून घेतो" म्हणणारा एजंट हाच सौदा करत असतो. दलाली घेऊन तो निघून जातो, शेजाऱ्यांमध्ये राहायचे मात्र आपल्याला असते.

मुंबईत ही चौकशी हळूहळू कागदावर आली. प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि नव्या वस्त्या आखल्या गेल्या. 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. सहकारी गृहनिर्माणाचा इतिहास तिच्यापासून सांगितला जातो आणि तो अभिमानाने सांगितला जातो. भाडेकरूंनी एकत्र येऊन मालक व्हावे ही कल्पना चांगलीच होती. पण सहकार कोणाशी, तर आपल्या जातीशी, हेही त्याच नावात होते. पुढे बॅरिस्टर झाल्यावरही बाबासाहेब परळच्या ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते.

हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर त्याने 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा झोरोस्ट्रियन सोसायटीचा निकाल वाचावा. अहमदाबादच्या या सोसायटीचा उपविधी सभासदत्व पारशांपुरते ठेवत होता. एका सभासदाला आपली मालमत्ता समाजाबाहेर विकायची होती. न्यायालयाने उपविधी कायम ठेवला. तो सभासदांमधला करार आहे, कायदेमंडळ त्याला मनाई करत नाही तोवर तो चालेल, असा त्या निकालाचा आशय. पारशी समाज मूठभर आहे, त्याची बाजू वेगळी मांडता येईल. पण जे तत्त्व मूठभरांसाठी मान्य झाले, ते वरच्या जातींच्या सोसायट्याही वापरू शकतात.

एजंटांचा धंदा यात फक्त निरोप्या असतो, असेही नाही. बाबासाहेब 1913 मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले त्याला लागूनच हार्लेम आहे. त्या अमेरिकेत 1924 मध्ये रिअल इस्टेट दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेतच लिहून ठेवले, की ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या मालमत्तेची किंमत पडेल अशा वंशाच्या लोकांना दलालाने तिथे आणू नये. भेदभाव करणे हीच तिथे व्यवसायाची नीती होती! मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात, 11 एप्रिल 1968 ला, फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. घर उपलब्ध असताना वंशामुळे 'नाही' सांगणे त्याने बेकायदा ठरवले.

पण 'नाही' हे खोटे होते, हे सिद्ध कसे करायचे? तिथल्या चळवळीने साधा मार्ग काढला. एकाच दलालाकडे एक काळा आणि एक गोरा माणूस पाठवायचा आणि दोघांनी एकच प्रश्न विचारायचा. व्हर्जिनियातल्या एका प्रकरणात काळ्या तपासणीस बाईला जागा नाही म्हणून सांगितले, गोऱ्या माणसाला आहे म्हणून. तिला खरोखर घर घ्यायचे नव्हते, तरी खोटी माहिती मिळाली एवढ्यावरून ती दावा लावू शकते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये मान्य केले.

आपल्याकडे 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 मध्ये कोणत्याही वस्तीत घर घेण्याचा आणि राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. 2016 च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण एजंटाच्या कर्तव्यांत जातीचा उल्लेख नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबाबत फोन करून आणि प्रत्यक्ष भेटून असाच अभ्यास केला. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दलित व मुस्लिम अर्जदारांना मिळणारा नकार त्यात नोंदला गेला.

म्हणून कार्पेट एरिया विचाराच, नवा प्रकल्प असेल तर प्रकल्पाचा आणि एजंटाचा असे दोन्ही महारेरा क्रमांक घ्या. पण टोकन देण्याआधी आणखी काही विचारा, आणि ते फोनवर नको, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर विचारा. हा फ्लॅट आजच्या तारखेला उपलब्ध आहे का? सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत द्याल का? खरेदीदाराचा समाज किंवा आहार यावर कोणाची अट आहे का, असल्यास कोणाची? सोसायटीचे 'ना हरकत' लागेल असे एजंट म्हणाला, तर कोणत्या नियमाने, हे विचारा. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटचे हस्तांतरण करायला असे प्रमाणपत्र आवश्यक नाही, आणि महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. सभासदत्व नाकारायचे तर सोसायटीने कारण लेखी कळवले पाहिजे. त्याविरुद्ध निबंधकाकडे जाता येते. एजंटाचे "कमिटी तयार नाही" हे तोंडी वाक्य म्हणजे नकार नव्हे, ते घेऊन परत फिरू नका.

"कालच गेला" असे उत्तर आले, तर त्याच संध्याकाळी वेगळ्या आडनावाच्या मित्राला तोच प्रश्न त्याच नंबरवर पाठवायला सांगा. दोन्ही स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवा.